दहा-अकराचा पाना

हौस ही काही सरकारी नोकरी नव्हे. तिला निवृत्तीचं वय नसतं, निरोप समारंभ नसतो, शाल-नारळ नसतो. एक दिवस लक्षात येतं की ती केव्हाच गेली आणि जाताना हजेरीपटावर सहीसुद्धा करून गेली नाही. आमची मोटारीची हौस अशीच गेली. आम्ही अजून चाळिशीच्या अलीकडे आहोत, केस बऱ्यापैकी काळे आहेत, तेव्हा याला म्हातारपणाचं रडगाणं समजू नये. पण ज्या माणसानं वयाच्या दहाव्या वर्षापासून बॉनेटखाली डोकं घातलं, तोच माणूस आता बॉनेट उघडायचं म्हटलं की आधी कंबरेला हात लावतो. याचं काहीतरी कारण असणारच.

आम्ही शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीला, उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. मूळ गाव दौंड. घरात दखनी, वर्गात उर्दू, बाजारात मराठी आणि मामूंच्या गॅरेजात या तिन्हींची मिळून झालेली चौथीच भाषा, अशा चार भाषांत आमचं आयुष्य गेलं. त्यातली चौथी आम्हाला सगळ्यात आधी नीट आली. सातचा पाढा पक्का व्हायच्या आत आम्हाला पान्यांचे नंबर पाठ होते. सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. पान्याला दोन तोंडं, म्हणून नंबरही जोडीनंच यायचा. गाडीखालून नुसता हात बाहेर यायचा आणि आवाज यायचा, "दस-ग्यारा!" त्या हातात चुकून बारा-तेरा ठेवला की पाना तसाच परत फेकला जायचा, आणि तो कुठं पडेल याचा नेम नसायचा. पाठांतराची याहून जालीम पद्धत आम्हाला बी.एड.लाही कुणी शिकवली नाही.

मामूंचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, समोर कडुनिंब, आणि तेल पिऊन पिऊन काळी, चामड्यासारखी झालेली जमीन. शुक्रवारी बंद. तिथला दर्जा शाळेपेक्षा कडक. नव्या पोरानं पहिलं वर्षभर चहा आणायचा आणि सुटे भाग रॉकेलच्या पत्र्यात धुवायचे. दुसऱ्या वर्षी चाकं काढायची, ग्रीस भरायचं. तिसऱ्या वर्षी ब्रेक लायनर, क्लच प्लेट. इंजिनाला हात लावायला मिळाला की तो पोरगा शागीर्द झाला असं समजायचं. त्या दिवशी मामू स्वतःच्या पैशांनी भजी मागवत. प्रमाणपत्र काही मिळत नसे, पण दौंड-काष्टी-पाटसच्या पट्ट्यात "त्या मामूंच्या हाताखालचा" एवढं सांगितलं की कुठल्याही गॅरेजात काम मिळायचं.

आम्ही भाचे असल्यामुळे दोन वर्षं सूट मिळाली असं पोरं म्हणायची. खरं म्हणजे आम्हाला सुट्टीतच जायला मिळायचं. त्यामुळे आमची तीन वर्षं सहा वर्षांत पुरी झाली.

मामू कानानं गाडी तपासायचे. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आत टॅपेट वाजतोय की बेअरिंग, ते डोळे मिटून सांगायचे. पॉइंटचा गॅप ते फिलर गेजनं मोजतच नसत, सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा फाडून मधून सरकवायचे. आम्ही पुढं एकदा त्या पुठ्ठ्याची जाडी शाळेच्या मायक्रोमीटरवर मोजली. जवळजवळ बरोबर निघाली. फियाटच्या चार सिलिंडरमध्ये ठिणगी कुठल्या क्रमानं पडते ते आम्हाला मंत्रासारखं पाठ करून घेतलं होतं, एक-तीन-चार-दो. आणि इंजिनाचे चार स्ट्रोक त्यांच्या भाषेत असे होते, "खींचो, दबाओ, मारो, फेंको." पुस्तकातली चार भारदस्त नावं मुलं परीक्षा झाली की विसरतात. हे चार शब्द आमच्या वर्गात कुणी विसरत नाही. इंजेक्शनची रिकामी सिरिंज हातात घेऊन आम्ही ते आजही तसेच शिकवतो.

हौस जाण्याचा रोग आमच्या घराण्यात जुना असावा. नाना, म्हणजे मामूंचे वडील, दौंडच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते. दौंड हे जंक्शन, इथून मनमाडचा फाटा फुटतो, आणि वाफेच्या काळात शेडमध्ये दिवसरात्र राबता असे. नाना 1984 साली निवृत्त झाले. आमच्या लहानपणी ते खाटेवर बसून वाफेच्या इंजिनाची गोष्ट सांगत, तेव्हा त्यांचे दोन्ही हात चाकाच्या दांड्यांसारखे मागे-पुढे होत. पण डिझेल इंजिनाचा विषय निघाला की हात मांडीवर यायचे. देशात वाफेची नवी इंजिनं बनणं 1972 साली थांबलं, आणि नानांची शेवटची काही वर्षं डिझेलच्याच सहवासात गेली. ती त्यांनी ड्यूटी म्हणून काढली. म्हणायचे, वाफेचं इंजिन उघड्या अंगाचं असतं, काय दुखतंय ते लांबून दिसतं. डिझेल म्हणजे बंद पेटी. आत कोण आहे, काय करतंय, कुणाला ठाऊक! मामू त्यावर हसायचे. डिझेलचं काय अवघड आहे, पंप आणि नोझल समजलं की झालं, असं त्यांचं म्हणणं. वडाप करणाऱ्या जीपा आणि ट्रॅक्स यांच्या डिझेल इंजिनांवरच तर त्यांचं घर चालत होतं.

मामूंच्या हसण्याचा हिशेब पुढं चुकता व्हायचा होता. पण ते नंतर.

पुण्याला बी.एड. झाल्यावर आम्ही शिरूरला शिक्षण सेवक म्हणून लागलो. महिना आठ हजार मानधन. 2012 साल होतं. त्याच वर्षी आम्ही अठरा हजारांना एक प्रीमियर पद्मिनी घेतली. गाडी 1992ची, म्हणजे तेव्हाच वीस वर्षांची झालेली. आईनं विचारलं, "पगार कितना, गाडी कितने की?" प्रश्न रास्त होता. पण त्या किमतीत दुसरी कुठलीही चारचाकी मिळत नव्हती, आणि ही गाडी आम्हाला कोऱ्या कागदावर काढून दाखवता आली असती. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला चिकटलेला गिअरचा दांडा, ओढायचा चोक. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळ्या देशानं पडद्यावर पाहिलेली तीच ही. बनवली कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं, आणि ती कंपनी 1944 साली उभी केली वालचंद हिराचंद यांनी, ज्यांच्या नावाचं वालचंदनगर आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात आहे. तेव्हा ही गाडी एका अर्थानं पाहुण्यांच्याच घरची.

दर शनिवारी शाळा सुटली की शिरूरहून न्हावरा, मग पारगावला भीमेचा पूल, चौफुला आणि दौंड. उन्हाळ्यात पद्मिनीचा पेट्रोलचा पंप तापायचा, पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी जागच्या जागी बसायची. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि वाट पाहायची. केडगाव-चौफुल्याच्या बाजूला गुऱ्हाळं भरपूर. आमची गाडी बहुतेक वेळा गुऱ्हाळाजवळच बंद पडते असं आमच्या घरातल्यांचं निरीक्षण होतं. काकवी खाऊन होईपर्यंत पंप गार झालेला असायचा. रविवारी सकाळी मामूंच्या शेडमध्ये गाडी लावायची, मळके कपडे घालायचे आणि दुपारपर्यंत काहीतरी उघडायचं. बिघाड नसला तरी उघडायचं. कार्बुरेटरचे जेट फुंकून साफ करायचे, पॉइंट घासायचे, टॅपेट लावायचे. संध्याकाळी रॉकेल आणि कपडे धुण्याची पावडर लावून हात धुवायचे, तरी सोमवारी फळ्यावर लिहिताना नखांच्या कडा काळ्याच. पालकसभेत एका पालकानं विचारलंसुद्धा, "सर, साइड धंदा काय आहे?"

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग कधी काय झालं, ते आम्ही बऱ्याचदा आठवून पाहिलं. एक दिवस सांगता येत नाही. सुरुवातीला रविवारी उघडायचं काम पुढच्या रविवारवर गेलं. मग हातमोजे आले. ज्या माणसानं हाताला तेल लागू नये म्हणून मोजे घातले, त्याच्यापासून गाडी निम्मी लांब गेली, हे मामूंचं मत आम्ही तेव्हा हसण्यावारी नेलं. मग गाडीखाली आडवं पडून उठताना कंबरेत चमक येऊ लागली. आणि एकदा कार्बुरेटर गळायला लागला तेव्हा आम्ही तो शिरूरच्या नगर रोडवरच्या एका गॅरेजात नेऊन दिला, समोरच्या हॉटेलात चहा घेतला आणि तीनशे रुपये देऊन गाडी घेऊन आलो. तो चहा छान लागला. त्याच दिवशी आम्हाला कळायला हवं होतं, पण चहा पिताना माणूस असला विचार करत नाही.

मित्रांना विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं, संसार, मुलं, वेळ नाही. हे आम्हाला पुरेसं वाटत नाही. वेळ नाही म्हणणारे आम्ही सगळे मोबाइलवर रोज दोन तास घालवतोच. आमच्या मते पहिलं कारण पैसा आहे, आणि तेही उलट्या बाजूनं. आठ हजारांत गाडी ठेवायची तर तिची दुरुस्ती स्वतःच करावी लागते. जे करावंच लागतं त्याला आपण हौस हे सुंदर नाव देतो आणि मान ताठ ठेवतो. पुढं पूर्ण वेतनश्रेणी मिळाली, सातवा वेतन आयोग लागला, तीनशे रुपये देणं जड राहिलं नाही. गरज उठून गेली आणि तिच्या मागोमाग हौसही चपला घालू लागली. आमच्या समाजात गॅरेज, वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंग, कुशनचं काम यांत पिढ्यान्‌पिढ्या माणसं आहेत. त्यांना हे काम आवडतं का, असं कुणी कधी विचारलेलं आम्ही ऐकलं नाही. आवडीचा प्रश्न पगारदार माणसाला पडतो.

दुसरं कारण मात्र गाड्यांचं आहे, ते आमच्या माथी मारू नये. मारुती 800 सुद्धा सुरुवातीला कार्बुरेटरचीच होती. 2000 सालाच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसे कार्बुरेटर गेले आणि सेन्सर, इंजेक्टर आले. शिरूर तालुक्यातच रांजणगावला फियाट आणि टाटांचा भागीदारीतला मोठा कारखाना आहे. 2009 साली तिथून लिनिया आणि पुंटो बाहेर पडल्या, 2017 साली जीप कंपास. तिथं बनणारं 1.3 लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन टाटांच्या गाड्यांतही बसायचं. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 आलं आणि ते इंजिन इथं बनायचं थांबलं. त्याच्याही आधी फियाट नावाच्या गाड्यांची इथली विक्री बंद झाली. म्हणजे आमची पद्मिनी ज्या इटालियन घराण्याची, त्याचा वाडा आमच्या तालुक्यात उभा, पण घराण्याचं नाव लावणारं कुणी उरलं नाही. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आमचा एक जुना विद्यार्थी लायनीवर आहे. पगार चांगला, बस न्यायला येते. काय काम करतोस विचारलं तर म्हणाला, "सर, डाव्या दाराचे चार बोल्ट." पूर्ण गाडी त्यानं उघडलेली नाही, आणि उघडावी असं त्याला वाटतही नाही.

आणि मामू. मल्टिजेटवाली एक गाडी त्यांच्याकडे आली, चढावर दम खात होती. मामूंनी पेचकस कानाला लावला. आवाज स्वच्छ होता. पंप पाहिला, पाइप पाहिले, फिल्टर बदलला. शेवटी कुरकुंभ रोडवरून एका पोरानं स्कॅनर आणला, डॅशबोर्डखाली वायर खोचली आणि दोन मिनिटांत सांगितलं, प्रेशरचा सेन्सर गेला. पोराचं वय बावीस. हात अगदी स्वच्छ. तो गेल्यावर मामू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बंद पेटी हाय रे ये." नानांचं वाक्य. त्यांना ते आठवत होतं की आपोआप तोंडात आलं, आम्ही विचारलं नाही.

पद्मिनीचंही दाणापाणी आता तिच्या मानवत नाही. 2023 पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि 2025 पर्यंत ते देशभर सगळीकडे झालं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराच्या नळ्या खराब करतं. नळ्या बदलल्या, कार्बुरेटरचं डायफ्राम दोनदा बदललं. गंमत अशी की हे इथेनॉल उसापासूनही होतं, आणि आमच्या दोन्ही तालुक्यांत ऊस किती ते सांगायला नको. म्हणजे ज्या उसाची काकवी खाऊन आम्ही पंप गार करायचो, तोच आता पंपात शिरला. फेरनोंदणीचंही तसंच. 2022 च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीची फी सहाशेवरून पाच हजार झाली. ती आम्ही भरली. 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार झाली. आमची पुढची मुदत 2027 मध्ये संपते. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या, तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो आले होते. आमच्या मुलीनं तो फोटो पाहून विचारलं, "अब्बा, अपनी भी?"

विकून टाकावी, हे जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात नववीतला एक मुलगा पंधरा दिवस शाळेत आला नाही.

वडील टेम्पोवर, आजारी. मुलगा नगर रोडवरच्या एका गॅरेजात सापडला. चाक काढत होता. आम्हाला पाहून पळाला नाही, उलट हात पुसून उभा राहिला. हा मुलगा वर्गात मागच्या बाकावर, गणितात काठावर पास. पण शाळेबाहेर आमची पद्मिनी सुरू झाली की हा खिडकीतून सांगायचा, "सर, एक प्लग मिस मार रहा." आणि खरंच एक प्लग मार खात असायचा. असा कान शिकवून येत नाही. मामूंनंतर तो आम्ही याच्याकडेच पाहिला.

दहावीपर्यंत शाळा सोडू नकोस, मग आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे, त्यात हे सेन्सर-स्कॅनरसुद्धा शिकवतात, असं आम्ही त्याला आणि त्याच्या वडिलांना समजावलं. वडिलांना आठवड्याचे पाचशे रुपये डोळ्यासमोर दिसत होते. ते म्हणाले, "सर, दहावी होकर भी पाना इच पकडना है ना?" या प्रश्नाला बी.एड.च्या पुस्तकात उत्तर नाही. आम्ही म्हणालो, पाना तोच, पण कागद हातात असेल तर कारखाना घेईल, कागद नसेल तर आयुष्यभर मालक म्हणेल तेवढा पगार. मामूंच्या हाताखालून गेलेल्या पोरांची यादीच आम्ही सांगितली. कागद असलेले कुठं आहेत, नसलेले कुठं आहेत. नावं तालुक्यात माहितीची होती, त्यामुळे ते ऐकून घेत होते. बापानं एक वर्ष द्यायचं कबूल केलं. एक वर्ष, दोन नव्हे.

निघताना मुलगा गाडीपर्यंत आला. म्हणाला, "सर, आप को तो सब आता था. छोड क्यूं दिये?"

फळ्यासमोर उभं राहून इतक्या वर्षांत बरेच प्रश्न झेलले, पण हा खोल गेला. कारण ज्या कामाकडे आम्ही त्याला दोन वर्षं थांबून, कागद घेऊन जायला सांगत होतो, ते काम आम्हाला स्वतःला आता नको झालं होतं. पुढं त्यालाही ते नको झालं तर? आमच्याकडे तेव्हा पगार होता, फळा होता. त्याच्याकडे काय असेल? आम्ही म्हणालो, "छोड्या नै रे, छूट गया." तो मान हलवून गेला. त्याला पटलं असं वाटलं नाही.

मामूंना हे सगळं सांगितलं. त्यांचं एक मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्या डोळ्याचं व्हायचंय. शेडची जागा भाड्याची, मालकाला तिथं गाळे काढायचेत, त्यानं वर्षाची मुदत दिली आहे. कसं कोण जाणे, सगळ्यांनी एक वर्षाचीच मुदत दिली आहे. मामूंनी हौस गेल्याबद्दल सहानुभूती दाखवली नाही. म्हणाले, त्यांची स्वतःची हौस तर 1990 सालीच गेली होती, तेव्हा एका ट्रकचा जॅक सुटला आणि एक बोट गेलं. त्यानंतर पस्तीस वर्षं ते नुसतं काम करत होते. काम करायला हौस कशाला लागते? आम्ही त्यांच्या उरलेल्या नऊ बोटांकडे पाहत राहिलो. आम्ही ज्याला त्यांची हौस समजत होतो, जिच्याकडे पाहून आम्हाला हौस लागली, ती तिथं नव्हतीच म्हणायची.

"लेके आ उस कू," ते म्हणाले. "मेरे कू दिखता नै, उस कू दिखता."

तेव्हापासून महिन्यातून दोन शनिवारी पद्मिनीत तिघं असतो, आम्ही, मुलगी आणि तो. वडिलांची परवानगी घेतलेली आहे, आणि रविवारी सकाळी तासभर आधी गणित, ही आमची अट. गणितात प्रगती आहे असं म्हणवत नाही. अपूर्णांक मात्र त्याला पान्यांवरून समजले, कारण मामूंच्या ट्रेमध्ये इंचाचे जुने पानेही आहेत, सात-सोळांश आणि अर्धा यांतला मोठा कुठला हे हातानंच कळतं. आम्ही कडुनिंबाखाली खुर्ची टाकून वह्या तपासतो. गाडीला हात लावत नाही. लावावासा वाटत नाही, हे आहे ते आहे. कधी मान वर करून पाहावं तर मामू स्टुलावर बसलेले, पेचकसाची मूठ पोराच्या कानाला, आणि दोघांचेही डोळे मिटलेले.

परवा गाडीखालून हात बाहेर आला. हात लहान होता, नखं काळी. "सर, दस-ग्यारा!" आमची मुलगी आमच्याआधी उठली आणि तिनं ट्रेमधून पाना काढून दिला. तो परत फेकला गेला नाही.